मऊ हातांचा हिवाळा

धान कापून झालं, रिकाम्या बांध्यांमधून लाखोरीच्या डाळीची कोवळी पानं वर आली, गावोगावी मंडईची जत्रा भरून नाटकांचे तंबू लागले, की आमच्याकडे लोक म्हणतात, आता खरा हिवाळा लागला. मी म्हणत नाही. ज्या सकाळी बोरिंगचं पाणी हाताला कोमट लागतं, त्या सकाळपासून माझा हिवाळा सुरू होतो. जमिनीवर सगळं गारठलेलं आणि जमिनीखालून येणारं पाणी मात्र ऊन. लहानपणी त्याची मजा वाटायची. आता त्या पाण्याखालून मी हात लगेच काढून घेते, आणि नर्स असूनही ही सवय काही केल्या जात नाही.

ड्रेसिंगच्या खोलीत ताणायच्या पट्ट्यांचा खोका आहे. पाय मुरगळलेले, गुडघे सुजलेले, झाडावरून पडलेले सगळे माझ्याकडेच येतात. पट्टी गुंडाळताना मी ती ताणते आणि सोडते. ताणली की येते, सोडली की आपल्या जागी जाते. सुती कापडाचा हा काही जन्माचा गुण नव्हे. साधं मलमलीचं कापड ताणून बघा, फाटेल किंवा तसंच राहील. ते असं लवचिक व्हावं, फुगून जाड व्हावं, म्हणून त्याच्यावर काहीतरी केलेलं असतं, आणि ते करणारे हात कुठेतरी असतात. पेशंटला याचं काय. तो म्हणतो, "जरा घट्ट बांधा सिस्टर." मी बांधते. पण थंडीच्या दिवसांत ही पट्टी हातात आली की मी उगाचच चिडचिडी होते, आणि वॉर्डातल्या पोरी एकमेकींना डोळ्यांनी खुणावतात.

यंदा चिडायला आणखी एक कारण आहे. माझी भाची तन्वी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, दिवाळीनंतर चंद्रपूरकडे एका नव्या कंपनीत लागली. कापडाची कंपनी आहे, राहायला खोली देतात, एवढंच तिनं फोनवर सांगितलं. काम कोणतं, असं विचारलं तर म्हणाली, "आल्यावर सांगते ना आत्या, तू तं लय खोदून विचारतेस." पोरगी हसत होती. मी फोन ठेवला आणि उगाच हात धुतले.

नागभीडच्या अलीकडे, जंगलाला पाठ लावून आमचं गाव आहे. माझी माय बिब्बे फोडणारी. बिब्बा म्हणजे जंगलातलं काळं बी. त्याच्या टरफलात जे काळं तेल असतं ते अंगाला लागलं की कातडी भाजून निघते, आणि त्याच्या पोटात गोडंबी असते, ती लोक लाडवात घालतात. लाडू खाणाऱ्याला टरफलाची गोष्ट ठाऊक नसते. मायची बोटं कायमची काळी आहेत, नखांच्या कडा जळून जाड झालेल्या. पण तिला कधी मोठा चट्टा पडला नाही, कारण तिचा एक नेम होता. बिब्ब्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत टोळीचं तेल चोळायचं. टोळ म्हणजे मोहाचं फळ, त्याच्या बियांचं ते तेल, थंडीत तुपासारखं थिजतं. आणि बिब्बा उडाला तर पाण्याला हात लावायचा नाही. बिब्ब्याचं तेल पाण्यानं जात नाही, उलट पसरतं. "आधी तेल, मंग राख, मंग पाणी." गावातल्या सगळ्या बायांना मायनं हे शिकवलं होतं. मलाही शिकवलं, रंजनालाही.

रंजना माझ्या त्याच धाकट्या भावाची बायको, तन्वीची आई. लग्न होऊन आली तेव्हा सगळ्यांना वाटलं ही काही आमच्या घरात टिकायची नाही. जरा जास्तच हसायची, भांडी घासताना नाटकातली गाणी म्हणायची, मायची नक्कल मायच्याच समोर करायची. माय वरवर रागवायची, "बयाड झाली का वं, येडे," आणि तोंड फिरवून हसायची. सासू-सुनांचं इतकं जमलेलं मी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलेलं नाही. संध्याकाळी माय तिच्या डोक्याला तेल लावून द्यायची. सून खाली, सासू ओट्यावर, आणि तन्वी दोघींच्या मध्ये लोंबकळत. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा. माझ्या डोक्याला मायनं इतक्या मायेनं तेल लावल्याचं मला आठवत नाही.

मी सांगते आहे तो हिवाळा तन्वी शाळेत होती तेव्हाचा. त्या वर्षी सुरुवातीचे दिवस सोडले तर बिब्ब्याला कोणी गेलं नाही. शेजारच्या टोलीच्या वस्तीतली एक बाई बिब्बे वेचताना वाघानं नेली. चार जणी सोबत होत्या, त्यांना फक्त पाला वाजल्याचं कळलं. तिचं टोपलं तिथेच उभं होतं, एक बीसुद्धा सांडलं नव्हतं. मग जंगलाची वाटच बंद झाली. बाया सरपणालाही जाईनात. शेकोटीपाशी बसून बोलायच्या आणि बोलता बोलता मागे वळून बघायच्या.

त्याच सुमारास देवानंदभाऊ गावात परतला. आमच्याच वस्तीतला, बुद्धविहाराच्या मागे त्याच्या बापाचं घर. बरीच वर्षं गुजरातेत कापडाच्या प्रोसेसच्या कारखान्यात होता. बोलायला मऊ, दारू नाही, तंबाखू नाही. आल्या आल्या मायच्या पाया पडला आणि म्हणाला, "जयभीम मावशी. बायाइले जंगलात जायाचं काम नाई आता. गावातच काम काढतो." विहाराच्या मागे, नाल्याच्या काठी त्यानं टिनाचा शेड उभा केला. निळे प्लास्टिकचे ड्रम आणले, सिमेंटचं टाकं बांधलं, वस्तीच्या बोरिंगला हापशी तशीच ठेवून मोटर बसवली. नागपूरचा एक व्यापारी जाळीदार सुती कापडाचे तागे पाठवायचा, आणि देवानंदभाऊनं त्याची ताणायची पट्टी करून द्यायची. वाघाला भिऊन बाया गावात थांबल्या आणि गावातल्या गावात कामाला लागल्या. सगळ्यांनी त्याला दुवा दिली. मीही दिली, खोटं कशाला बोलू.

काम दिसायला अगदी सोपं होतं. संध्याकाळी देवानंदभाऊ ड्रममध्ये पाणी घ्यायचा आणि त्यात कास्टिक सोड्याच्या पांढऱ्या पापड्या थोड्या थोड्या सोडायचा. दुसऱ्या कोणाला तो जवळ येऊ द्यायचा नाही. पापड्या पडल्या की ते गार पाणी चुलीशिवाय तापायचं. ड्रमला बाहेरून हात लावला तर चटका बसे. रात्रभर ते निवायला ठेवायचं. कारण ते जितकं गार तितकं कापड चांगलं आखडतं, आणि म्हणून हे काम थंडीचं. सकाळी धुकं असतानाच बाया कापड त्यात सोडायच्या, सैल, कुठेही न ताणता, आणि बांबूनं दाबून धरायच्या. पाण्यात कापड गोळा व्हायला लागायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते आवडलं नाही. हात न लावता कापड आपल्याआपण आत आत ओढलं जात होतं, घडीवर घडी पडत होती. लांब ताग्याचं बघता बघता आखूड, जाड, फुगीर काहीतरी होऊन बसायचं. मग ते टाक्यात खळखळून धुवायचं, हलक्या ॲसिडच्या आंबट पाण्यातून काढायचं, पुन्हा धुवायचं आणि खाटांवर अंथरून वाळवायचं. वाळलं की झालं. ताणलं की यायचं, सोडलं की जायचं.

रंजनाला याचं कोण कौतुक. एक तुकडा डोक्याला बांधून ती अंगणात आली आणि मायला म्हणाली, "पाह्य ना माय, कापूस आता रबर झाला. तुमचा स्वभाव बी यात बुडवून काढू का?" माय म्हणाली, "तुयी जीभ बुडव आधी, आखडून येईल." त्या दिवशी सगळी वस्ती हसली होती.

देवानंदभाऊनं सगळं सांगितलं होतं, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे दिले, चष्मे दिले. पहिल्या दिवशी सगळ्या बायांना बसवून तो म्हणाला, "हातावर उडलं तं पाणी. पायावर उडलं तं पाणी. दुसरं काई करू नोका, धो धो पाणी." बायांनी माना हलवल्या. पण माना कोण हलवत नाही. माझ्यासमोर रोज लोक माना हलवतात आणि घरी जाऊन जखमेवर हळद भरतात. हातमोजे थंडीत कडक व्हायचे, आत पाणी शिरायचं, चढता चढायचे नाहीत. मग कोणीतरी आत तेलाचा हात फिरवला, की मोजा सरकन चढला. तेल काही कोणाला शिकवायची गरज नव्हती. जाळणाऱ्या वस्तूला हात लावायचा तर आधी तेल, हे या बायांच्या हातांनाच ठाऊक होतं. पुढे मोजे फाटले, तेव्हा नुसतं तेल राहिलं. तेल चोळलेला हात त्या पाण्यात गेला की बुळबुळीत व्हायचा, थोडा फेस यायचा, आणि धुतला की हात असा मऊ निघायचा की काय सांगू.

आता मला कळतं ते काय होत होतं. तेल आणि कास्टिक एकत्र आलं की साबण होतो. तेलाचा साबण झाला, तो धुऊन गेला, आणि मग कातडीतलं तेल उरलं. मग त्याचाही साबण. बिब्बा लागला की आग होते, माणूस ओरडतो. हे ओरडू देत नव्हतं.

बायांना ते मऊ हात फार आवडले. वर्षानुवर्षं धानाची कापणी, बिब्बे, शेण, राख यांनी खरखरीत झालेले हात आता शहरातल्या बायांसारखे दिसायला लागले. रंजनानं माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, पाह्य माये हात. तुये भाऊ म्हणते, नवीन बायको आणल्यासारखं वाटून राह्यलं." मीही तिचा हात हातात घेऊन बघितला. बोटांची टोकं चकचकीत, गुळगुळीत. मला थोडं चमत्कारिक वाटलं. पण ती इतकी खुश होती.

मग बारीकसारीक गोष्टी व्हायला लागल्या. बारीक म्हणूनच कोणी त्यांच्याकडे बघितलं नाही. एके दिवशी टाक्यापाशी भांडं कमी पडलं म्हणून रंजनानं घरून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा मोठा गंज नेला, मायच्या लग्नातलं पातेलं. त्यात ड्रममधलं पाणी ओतलं, तर ते रटरटायला लागलं. खाली आग नाही, काही नाही. फेस वर आला, वाफ निघाली, आणि थोड्या वेळानं गंजाच्या बुडाला भोक पडून सगळं पाणी खाली वाहून गेलं. बाया हसल्या. माय हसली नाही. त्या भोकातून बोट घालून तिनं बघितलं आणि म्हणाली, "इतक्या वर्साचा गंज. याच्यात वरातीचा भात शिजला होता." एवढंच. तिनं तो गंज फेकलाही नाही. अजून परसात पालथा पडलेला आहे.

धुतलेलं पाणी नाल्यात जायचं. नाल्याच्या काठचं गवत आधी जास्तच हिरवं दिसलं, मग काळं पडलं. एरवी त्या नाल्यावर सकाळी बगळे असायचे. तेही कधी यायचे थांबले ते कोणाच्या लक्षातच आलं नाही, मीच सुटीवर आले तेव्हा विचारलं. "थंडी हाय ना ताई," एक बाई म्हणाली. थंडीत बगळे कुठे जातात, मला ठाऊक नाही.

आणि रेशनच्या दुकानातलं ते अंगठ्याचं मशीन. मायचा अंगठा तर बिब्ब्यामुळे कधीच उठत नव्हता, तिचं धान्य रंजनाच्या अंगठ्यावर यायचं. त्या महिन्यात रंजनाचाही उठेना. दुकानदारानं पुसला, फुंकर घातली, दुसरं बोट लावून बघितलं. मागे रांगेत शेडवरच्याच आणखी दोघी होत्या, त्यांचाही नाही. रंजना दुकानदाराला म्हणाली, "काऊन जी, हात गोरे झाले तं सरकार वळखत नाई का?" रांगेतले लोक हसले. घरी येऊन तिनं ते सगळं नक्कल करून दाखवलं. माय चुलीपाशी बसली होती. तिनं स्वतःच्या काळ्या बोटांकडे बघितलं, मग रंजनाच्या गुळगुळीत बोटांकडे, आणि तेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली. म्हणाली, "तेल जरा जास्त लावत जाय."

काळजीनंच म्हणाली ती. हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

त्या दिवशी मी सुटीवर गावातच होते. सकाळची वेळ, धुकं अजून बांध्यांवरून उठलं नव्हतं. मी ओट्यावर चहा घेत होते. शेडमध्ये रंजना ड्रममधून कापड बाहेर काढत होती. चष्मा खिळ्याला टांगलेला होता, कारण थंडीत श्वासाची वाफ त्याच्यावर धरायची आणि समोरचं दिसायचं नाही. कापडाचं टोक बांबूच्या फुटक्या पेरात अडकलं. साधं कापड असतं तर तिनं हिसका दिला असता आणि ते फाटून सुटलं असतं. पण ते आता साधं कापड नव्हतंच. तिनं ओढलं तसं ते ताणत आलं, आणखी ओढलं तर आणखी आलं, आणि पेरातून सुटल्याबरोबर सगळंच्या सगळं मागे उसळलं, थेट तिच्या तोंडावर. ज्या गुणासाठी बाया रोज त्याला बुडवत होत्या, तोच गुण त्या घटकेला त्यानं दाखवला.

मला ऐकू आलं ते तिचं ओरडणं नव्हतं, मायचं होतं. "पाणी नोको लावू! पाण्याले हात नोको लावू!"

माय तिथे खाटांवर कापड अंथरत होती. धावत गेली. देवानंदभाऊ नागपूरला माल पोचवायला गेलेला. बोरिंग चार पावलांवर. रंजना डोळा दाबून बोरिंगकडेच निघाली होती, हे दुसऱ्या बायांनी मला नंतर सांगितलं. मायनं तिला धरून खाली बसवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि शेकोटीपाशी पातळ करून ठेवलेल्या तेलाच्या वाटीतून ओंजळ भरून डोळ्यात तेल सोडलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बाकीच्या बायांनी रंजनाचे हात धरून ठेवले. सगळ्यांना ठाऊक होतं आधी तेल, मग राख, मग पाणी. आयुष्यभर त्या एका नेमानं त्या सगळ्या जळण्यापासून वाचल्या होत्या.

मी पोचले तेव्हा रंजनाचा चेहरा तेलानं आणि पांढुरक्या फेसानं माखला होता आणि माय पदरानं टिपत होती. रंजना म्हणाली, "आता जरा कमी वाटून राह्यलं, ताई." मायनं माझ्याकडे बघितलं, सुटल्यासारखं. मी मात्र वाटी बाजूला सारली. कास्टिकनं डोळा भाजला असताना दुखणं कमी होणं हे काही चांगलं लक्षण नव्हे, आतल्या नसाच मरत असतात. मी तिला ओढत बोरिंगखाली नेलं, पापण्या बोटांनी उघडून धरल्या आणि एका बाईला हापसायला लावलं. पाणी कोमट येत होतं. किती वेळ, मला सांगता येणार नाही. डोळ्याचं बुबुळ मी बघत होते. उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं व्हायला लागलं होतं. माय मागे उभी राहून म्हणत होती, "पाणी काऊन लावून राह्यली वं? काऊन लावून राह्यली?" मी तिच्यावर ओरडले, "तेलानं नाई जात हे, माय. हे पाण्यानंच जाते." तिनं तेलानं माखलेले हात पदराला पुसले.

चंद्रपूर झालं, नागपूर झालं. मोठ्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच धुतला होता का, असं विचारलं. मी हो म्हणाले. रंजनाही हो म्हणाली. माय दाराशी उभी होती. उजवा डोळा गेला तो गेलाच.

नागपूरहून परतताना रेल्वेत रंजना खिडकीशी बसली होती, डोळ्यावर पट्टी. मायनं इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. म्हणाली, "मीच घातलं तेल." रंजनानं मान वळवली, कारण माय तिच्या न दिसणाऱ्या बाजूला होती. म्हणाली, "माय, तुमी घातलं नसतं तं मी सोताच घातलं असतं. मले बी तेच येत होतं." मग दोघी रडल्या आणि मीही. समोर बसलेल्या माणसानं उठून दुसरीकडे जागा घेतली.

देवानंदभाऊनं शेड बंद केला. तो पुन्हा गुजरातेत गेला. जाताना येऊन गेला, ओट्यावर बराच वेळ बसला, चहा तसाच निवला. त्याच्यावर कोणाचा राग नव्हता. त्यानं सांगायचं ते सांगितलं होतं. पण बायांना आधीपासून काय येतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो गुजरातेत शिकला होता आणि बिब्बा त्याच्या लहानपणीच सुटला होता. शेडचे टिन लोकांनी नेले. टाकं अजून आहे. नाल्याच्या काठचा तो पट्टा आजही उघडा आहे. आजूबाजूला लाखोरी उगवते, तिथे उगवत नाही.

घरात एक गोष्ट न बोलता ठरून गेली. तन्वीला काय सांगायचं? आईच्या डोळ्यात कास्टिक उडालं आणि डोळा गेला. एवढंच. तेलाचा शब्द कोणी काढायचा नाही. मायसाठी. माय तेव्हापासून कोणाच्या डोक्याला तेल लावत नाही. रंजना स्वतःच लावून घेते, एका डोळ्यानं भांग तिरका पडतो. सणावाराला पांढरं लुगडं नेसून माय विहारात जाते तेव्हा सगळ्यात मागे बसते. तिला कोणी काही म्हटलेलं नाही, आणि तिला तेच सोसत नाही, असं मला वाटतं. आम्ही सगळे तिला जपत होतो. जपण्यात आपण काय करून ठेवतो ते तेव्हा दिसत नाही.

परवाच्या रविवारी तन्वी आली. मीही मुद्दाम सुटी घेऊन गेले होते. पोरगी छान दिसत होती, केस कापलेले, पाठीवर नवी बॅग. रंजनासाठी एक पँट आणली होती, सुती, पण अंगाबरोबर ताणणारी. "आमच्याच कंपनीचं कापड हाय, आई. वरून साधं दिसते, पण पाह्य." तिनं ती दोन्ही हातांनी ताणली आणि सोडली. ती आपल्या जागी गेली. रंजना हसता हसता थांबली. तिनं एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, "तू काय करतेस तिथी?"

"ओल्या खात्यात हाय मी. कापड बुडवाच्या मशीनवर. मशीनच करते सगळं, आत्या, आपण फक्त कडा सारख्या करतो. हातमोजे देते, चष्मा देते. तू नोको घाबरू. आईसारखं नाई होत आता." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "आईले सांगितलं असतं तं जाऊ दिलं नसतं."

रंजनानं पँटवरचे हात काढून घेतले. पँट तिच्या मांडीवर तशीच होती. तन्वीनं तिकडे पाहिलं नाही. ती हसत बोलत राहिली, कंपनीत जेवण कसं असतं, खोलीतल्या पोरी कुठकुठल्या, सुपरवायझर कसा तोतरा. "हजेरीच्या मशीनवर माया अंगठाच नाई उठत. मंग तो म्हणते, त-त-तोंड दाखव." तिनं अगदी रंजनासारखी नक्कल केली. कोणी हसलं नाही. मी रंजनाच्या खुर्चीचा हात धरला.

मग तन्वी ओट्यावर गेली, मायपाशी. माय सकाळच्या कोवळ्या उन्हात बसली होती. तन्वीनं दोन्ही हात तिच्या गालांवर ठेवले. "आजी, पाह्य माये हात किती नरम झाले. तुयामुळंच. मोजे घालाच्या आधी मी तेल लावते. लहानपणी पाह्यलं होतं ना मी तुले, आधी तेल."

मायनं तिचे हात गालांवरून खाली घेतले. एक हात उलटा केला आणि आपल्या काळ्या अंगठ्यानं तिच्या बोटांची टोकं चोळून बघितली, एकेक करून. सावकाश. रंजना दारात उभी होती. मी पुढे व्हायला निघाले, तर तिनं माझा दंड धरला आणि नको म्हणून मान हलवली.

माय उठली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो. तिनं तन्वीचं मनगट सोडलं नाही. तशीच तिला अंगणातून ओढत बोरिंगपाशी घेऊन गेली आणि तिचे हात तोटीखाली धरायला लावले. मग दांडा धरला आणि हापसायला लागली. पाणी आलं, त्याची वाफ दिसत होती.

"आजी, काऊन वो? काय झालं?"

"तेलानंच गेला तुया आईचा डोळा," माय म्हणाली. दम लागत होता. "मी घातलं. पाणी लावू नाई देल्लं. कोणी नाई सांगितलं तुले. मी सांगून राह्यली. आधी पाणी. तेल नाई, राख नाई, पाणी."

तन्वी वळून आईकडे बघायला लागली. रंजनानं मान खाली घातली नाही, वरही केली नाही, नुसती उभी राहिली. त्या मऊ हातांवरून पाणी वाहत होतं.

"पण आजी," तन्वी हळूच म्हणाली, "मले तं काईच दुखून नाई राह्यलं."

माय हापसत राहिली.